भोंगा वाजल्यावर धावून कोण येणार? सुरक्षा अलार्म कंपनीची निवड करताना

घर किंवा दुकानासाठी सुरक्षा अलार्म बसविताना बहुतेक ग्राहक संचाची किंमत, कॅमेऱ्यांची संख्या आणि हमीचा कालावधी यांची चौकशी करतात. मात्र मध्यरात्री भोंगा वाजल्यानंतर त्याची दखल कोण घेणार, घटनास्थळी कोण पोहोचणार आणि त्याला किती वेळ लागणार, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. देशात आणि परदेशात घडलेल्या काही मोठ्या चोऱ्यांचा आढावा घेतल्यास अलार्म कंपनीची पारख याच प्रश्नावरून करणे हिताचे ठरते, असे दिसून येते.

लष्कर मोहल्ल्यातील गाळा

कर्नाटकातील म्हैसूर शहराचा लष्कर मोहल्ला हे या प्रश्नाचे बोलके उदाहरण आहे. पुण्यातील कॅम्प भागाला मराठी माणूस जसे लष्कर म्हणतो, तसेच नाव धारण करणारा हा भाग आज मात्र गजबजलेली बाजारपेठ म्हणून ओळखला जातो. सेंट फिलोमिना चर्चचे उंच मनोरे आणि सराफी पेढ्यांसाठी प्रसिद्ध असलेला अशोक रस्ता ही या परिसराची ओळख होय. दुकानाला दुकान लागलेले, भिंतीला भिंत चिकटलेली, तळमजल्यावर व्यापार आणि वर राहते घर, अशी रचना अशा जुन्या पेठांमध्ये नेहमी आढळते.

सराफ बाजार असेल तेथे सोन्या-चांदीची गलाई करणारे कारागीरही असतात. या व्यवसायात सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी आणि लगतच्या भागातील मराठी कुटुंबे कित्येक पिढ्यांपासून आहेत. दक्षिणेतील राज्यांसह देशाच्या कानाकोपऱ्यातील शहरांत त्यांनी आपला जम बसविला आहे. गलाईवाल्याच्या गाळ्यात भट्टी असते, मूस असते, तेजाब असते आणि रात्रीच्या वेळी तिजोरीत ठेवलेले सोने असते. हे सोने बहुतेक वेळा त्याचे स्वतःचे नसते. सराफांनी विश्वासाने सोपविलेला तो माल असतो. त्यामुळे एका रात्रीच्या चोरीत मालकाची केवळ पुंजी जात नाही, तर परमुलुखात वर्षानुवर्षे कमावलेली पतही जाते.

यात आणखी एका अडचणीची भर पडते. दिवाळी, गावची यात्रा किंवा घरचे लग्नकार्य यांसाठी मालक शेकडो किलोमीटरवरील गावी गेलेला असतो. अशा वेळी गाळ्यातील अलार्म वाजला आणि त्याची सूचना मालकाच्या मोबाइलवर विट्याला पोहोचली, तरी तो म्हैसूरमध्ये काय करू शकणार? अलार्म कंपनीने सर्वप्रथम याच प्रश्नाचे उत्तर द्यावयास हवे. नोकरीनिमित्त मुलगा परदेशी आणि वृद्ध आईवडील पुण्यात किंवा नागपुरात एकटे, अशा कुटुंबांनाही हाच प्रश्न लागू होतो.

इशारा मिळाला, पण कोणी आत गेले नाही

लंडनच्या हॅटन गार्डन या जवाहिऱ्यांच्या पेठेत एप्रिल २०१५ मध्ये ईस्टरच्या सुटीत घडलेली चोरी याबाबत डोळे उघडणारी आहे. तेथील सुरक्षित ठेव कोठाराच्या जाड काँक्रीटच्या भिंतीला यंत्राने भोके पाडून चोरट्यांनी कोट्यवधी पौंडांचा ऐवज लांबविला. त्या रात्री अलार्मचा इशारा गेला होता. त्याची खबर पोलिसांपर्यंतही पोहोचली होती. मात्र पोलिसांना पाठविण्याची गरज नाही, असा शेरा त्या खबरीवर मारण्यात आला. एक सुरक्षा कर्मचारी इमारतीपर्यंत येऊन गेला. त्याला बाहेरून दार फोडल्याच्या खुणा दिसल्या नाहीत आणि तो परतला. चोरटे त्या वेळी आतच होते. खबर मिळूनही योग्य कार्यवाही झाली नाही, हे लंडनच्या पोलिसांनी नंतर मान्य केले.

दुसरे उदाहरण बंगळूरचे आहे. १९ नोव्हेंबर २०१३ रोजी सकाळी तेथील एका एटीएम केंद्रात पैसे काढण्यासाठी गेलेल्या महिलेवर शटर आतून ओढून घेऊन एका इसमाने कोयत्याने हल्ला केला. संपूर्ण प्रकार कॅमेऱ्यात टिपला गेला आणि नंतर देशभर दाखविण्यात आला. परंतु कॅमेऱ्यासमोर हल्ला चालू असताना तिच्या मदतीला कोणीही आले नाही. हल्लेखोर पोलिसांच्या हाती लागण्यास २०१७ साल उजाडावे लागले.

या दोन्ही घटनांमध्ये यंत्राने आपले काम केले होते. साखळी तुटली ती यंत्र आणि माणूस यांच्यामधील दुव्यावर. कॅमेरा घटनेचा साक्षीदार असतो, राखणदार नसतो. चित्रण पाहणारा आणि त्यावर तत्काळ हालचाल करणारा कोणी नसेल, तर त्याचा उपयोग मुख्यतः तपासापुरता उरतो.

यंत्रणेचे चार भाग

घरफोडीचा इशारा देणारी विद्युत यंत्रणा नवी नाही. अमेरिकेतील ऑगस्टस पोप यांना अशा यंत्रणेचे एकस्व १८५३ मध्ये मिळाले. दार किंवा खिडकी उघडताच विद्युत मंडल पूर्ण होऊन घंटा वाजावी, अशी त्यांची योजना होती. एडविन होम्स यांनी ते हक्क विकत घेऊन तिचा व्यापारी प्रसार केला. त्यानंतर तारयंत्राच्या जाळ्याने घरे मध्यवर्ती केंद्राला जोडण्यात आली आणि इशारा मिळताच माणूस पाठविण्याची सेवा सुरू झाली. केवळ घंटा पुरेशी नाही, घंटेमागे माणूस हवा, हे या व्यवसायाला आरंभीच्या काळातच उमगले होते.

आजची यंत्रणा अधिक गुंतागुंतीची असली तरी तिचे चारच मुख्य भाग आहेत. पहिला भाग म्हणजे हालचाल टिपणारे संवेदक. दाराला किंवा शटरला लावलेला चुंबकीय संवेदक ते उघडताच सूचना देतो. खोलीत बसविलेला अवरक्त संवेदक शरीराच्या उष्णतेतील फरकावरून माणसाची चाहूल घेतो. तिजोरीला किंवा भिंतीला लावलेला कंपन संवेदक घाव, छिन्नी आणि ड्रिल यांची कंपने ओळखतो.

दुसरा भाग म्हणजे मुख्य नियंत्रण संच. सर्व संवेदकांच्या सूचना येथे येतात आणि इशारा द्यावा की नाही, हे येथे ठरते. तिसरा भाग म्हणजे इशारा बाहेर पोहोचविणारा मार्ग. स्थानिक भोंगा, मोबाइलच्या सिमकार्डवरून जाणारा फोन किंवा संदेश आणि इंटरनेट हे त्याचे प्रचलित प्रकार आहेत. चौथा भाग म्हणजे या इशाऱ्याला मिळणारा मानवी प्रतिसाद. पहिले तीन भाग बाजारात विकत मिळतात. चौथ्या भागाची मात्र आखणी करावी लागते, आणि निवडलेल्या कंपनीचा खरा कस तेथेच लागतो.

वीज आणि संपर्क तुटल्यास

वीज खंडित झाल्यावर यंत्रणा किती तास चालते, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. छोट्या संचांमध्ये सामान्यतः १२ व्होल्टची बंदिस्त बॅटरी असते. ती काही वर्षांनी क्षीण होते आणि बदलावी लागते. युरोपात घरफोडीविरोधी यंत्रणांची जोखमीनुसार चार श्रेणींत वर्गवारी केली जाते. त्यांतील खालच्या दोन श्रेणींनाही वीज नसताना १२ तास चालण्याची अट आहे. सौदा करताना हे प्रमाण नजरेसमोर ठेवण्यास हरकत नाही.

सिमकार्डाचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण तो महत्त्वाचा आहे. अलार्ममधील सिमकार्डाची मुदत संपली, तर संचावरील दिवे नेहमीप्रमाणे लुकलुकत राहतात आणि फोन मात्र कोणालाच जात नाही. त्यामुळे हे कार्ड कोणाच्या नावावर आहे, त्याचे रिचार्ज कोण करणार आणि संपर्क तुटल्यास ती गोष्ट किती वेळात लक्षात येणार, हे आधीच ठरवून घ्यावे. चांगल्या सेवेत संच ठरावीक अंतराने नियंत्रण कक्षाकडे आपण सुस्थितीत असल्याचा संदेश पाठवीत असतो. तो आला नाही, तर कक्षातील कर्मचारी चौकशी करतो. एका मार्गावर विसंबून न राहता सिमकार्ड आणि इंटरनेट असे दोन मार्ग असणे अधिक सुरक्षित ठरते.

चोर दारानेच येतो असे नाही

नवी मुंबईतील जुईनगर येथे नोव्हेंबर २०१७ मध्ये एका बँकेचे ३० लॉकर फोडण्यात आले. चोरट्यांनी शेजारचा गाळा भाड्याने घेऊन तेथून बँकेच्या लॉकर कक्षापर्यंत भुयार खणले होते. केरळमधील चेलेम्ब्रा येथे डिसेंबर २००७ च्या अखेरीस बँकेच्या खालच्या मजल्यावरील उपाहारगृहाची जागा भाड्याने घेऊन, छताला भगदाड पाडून सुमारे ८० किलो सोने आणि ५० लाख रुपये लंपास करण्यात आले. दोन्ही ठिकाणी चोरटे पुढच्या दाराकडे फिरकलेच नाहीत.

कर्नाटकातील न्यामती येथे ऑक्टोबर २०२४ मध्ये बँकेच्या शाखेतून सुमारे १७ किलो सोने चोरीस गेले. चोरट्यांनी तिजोरी गॅस कटरने कापली आणि जाताना कॅमेऱ्यांचे चित्रण साठविणारे यंत्रही सोबत नेले. त्यामुळे तपासाचा सर्वांत महत्त्वाचा धागा नाहीसा झाला. आरोपींना पकडून सोने हस्तगत करण्यासाठी पोलिसांना मार्च २०२५ पर्यंत झुंजावे लागले.

भिंतीला भिंत लागून असलेल्या पेठेत या घटनांचा बोध स्पष्ट आहे. कंपनीचा प्रतिनिधी केवळ शटर पाहून दरपत्रक देत असेल, तर त्याच्यावर विसंबू नये. शेजारचा गाळा रिकामा आहे काय, वरचा मजला कोणाकडे आहे, छत कौलारू आहे की काँक्रीटचे, मागच्या बोळात उघडणारी खिडकी आहे काय, तिजोरी कोणत्या भिंतीला टेकलेली आहे, याची पाहणी त्याने करावयास हवी. तिजोरीला कंपन संवेदक, मुख्य संचाला छेडछाड होताच सूचना देणारी व्यवस्था आणि चित्रणाची एक प्रत जागेबाहेर साठविण्याची सोय, या तीन गोष्टी सोन्याचा व्यवहार असलेल्या ठिकाणी आवश्यक मानाव्यात.

धोका रात्रीचाच असतो असेही नाही. म्हैसूरच्याच विद्यारण्यपुरम भागात २३ ऑगस्ट २०२१ रोजी दुकान उघडे असताना सशस्त्र दरोडेखोर एका सराफी पेढीत शिरले. पळून जाताना त्यांनी केलेल्या गोळीबारात एका निरपराध ग्राहकाचा बळी गेला. अशा प्रसंगासाठी गल्ल्याखाली हाताला किंवा पायाला सहज लागेल असे आणीबाणीचे बटण बसविता येते. ते दाबल्यावर दुकानात भोंगा वाजू नये, इशारा केवळ बाहेर जावा, अशी रचना करून घ्यावी. शस्त्रधारी माणसासमोर अचानक वाजलेला भोंगा जिवावर बेतू शकतो.

लांडगा आला रे आला

अलार्मचा सर्वांत मोठा शत्रू चोर नसून खोटा इशारा आहे. अमेरिकेत पोलिसांपर्यंत पोहोचणाऱ्या घरफोडीच्या इशाऱ्यांपैकी नव्वदहून अधिक टक्के खोटे असतात, असे तेथील अभ्यासांत आढळले आहे. सॉल्ट लेक सिटी या शहराने २००० मध्ये नियमच बदलला. प्रत्यक्षदर्शीने किंवा सुरक्षा कंपनीच्या माणसाने खातरजमा केल्याखेरीज पोलीस पाठवायचे नाहीत, असे ठरविण्यात आले आणि पोलिसांच्या व्यर्थ फेऱ्यांमध्ये मोठी घट झाली. ब्रिटनमध्येही पोलिसांच्या तत्काळ प्रतिसादासाठी मान्यताप्राप्त कंपनीने बसविलेली आणि इशाऱ्याची खातरजमा करणारी यंत्रणा आवश्यक असते.

आपल्याकडे खोट्या इशाऱ्याचा फटका शेजारधर्माला बसतो. गाळ्यातील उंदीर, संवेदकावर फिरणारी पाल, पंख्याच्या वाऱ्याने हलणारा पडदा, सैल शटर किंवा संकेतांक विसरलेला नोकर यांपैकी कोणत्याही कारणाने भोंगा वाजू शकतो. पहिल्या वेळी शेजारी धावत येतात, दुसऱ्या वेळी खिडकीतून डोकावतात आणि पाचव्या वेळी कूस बदलून झोपतात. लांडगा आला रे आला ही गोष्ट येथे शब्दशः खरी ठरते.

म्हणून खोटे इशारे कमी करण्यासाठी कंपनी काय करते, हे विचारावे. दोन वेगवेगळ्या संवेदकांनी सूचना दिल्यावरच इशारा पक्का मानणे, कक्षातून कॅमेऱ्याद्वारे पाहणी करणे आणि ठरावीक मिनिटांनी भोंगा आपोआप बंद होणे, या सोयी उपयुक्त आहेत. गलाईच्या गाळ्यात आगीचा इशारा देणारी यंत्रणाही लागते. मात्र भट्टीच्या खोलीत धुराचा संवेदक सतत खोटी सूचना देईल. तेथे तापमानावर चालणारा संवेदक योग्य ठरतो. जेथे कामगार गाळ्यातच मुक्कामास असतात, तेथे बाहेरचे संवेदक चालू आणि आतले बंद ठेवण्याची सोय असावी. या बारकाव्यांची कंपनीला जाण आहे की नाही, हे पहिल्या भेटीतच कळून येते.

विचारण्याजोगे प्रश्न

कंपनीच्या प्रतिनिधीला पुढील प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत. नियंत्रण कक्ष कोठे आहे आणि तो चोवीस तास चालतो काय? इशारा मिळाल्यावर पहिला फोन किती वेळात जातो? पहिल्या व्यक्तीने फोन न उचलल्यास पुढचा क्रम काय? कक्षातील कर्मचारी कोणत्या भाषेत बोलतात? म्हैसूरमधील शेजारी कन्नड बोलणारा, मालक मराठी आणि कक्ष तिसऱ्याच राज्यात असेल, तर मध्यरात्रीच्या घाईत भाषेचा अडसर महागात पडू शकतो.

प्रत्यक्ष माणूस पाठविण्याचे आश्वासन असेल, तर तो कोठून निघणार आणि येण्यास किती वेळ लागणार, हे विचारावे. तो आल्यावर काय करणार, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. बाहेरून कुलूप पाहून परतणार, की किल्लीधारकाला बोलावून, मागची बाजू तपासून आणि पोलिसांना कळवून थांबणार? हॅटन गार्डनमध्ये नेमका हाच फरक निर्णायक ठरला. त्याच परिसरातील दोन-तीन जुन्या ग्राहकांची नावे कंपनीकडून घ्यावीत आणि त्यांच्याकडे प्रत्यक्ष जाऊन विचारणा करावी. यंत्रणा कशी आहे, यापेक्षा बिघाड झाल्यावर माणूस किती दिवसांनी आला, हे त्यांना विचारणे अधिक उपयोगी पडते.

संपर्काच्या यादीत किमान दोन नावे स्थानिक असावीत. दूरगावी राहणाऱ्या नातेवाइकाचे नाव त्यानंतर यावे. संकटकाळी ११२ हा राष्ट्रीय आपत्कालीन क्रमांक उपलब्ध आहेच. तथापि, आपल्या हद्दीतील पोलीस ठाण्याचा दूरध्वनी क्रमांकही यादीत असावा. जास्त दिवसांसाठी गावी जाताना ठाण्यात पूर्वसूचना देऊन ठेवणे श्रेयस्कर होय.

परवाना आणि कायदा

पहारेकरी पुरविणाऱ्या खासगी संस्थांसाठी देशात खासगी सुरक्षा एजन्सी नियमन कायदा, २००५ लागू आहे. या कायद्यानुसार राज्याच्या नियंत्रक प्राधिकाऱ्याकडून परवाना घेतल्याशिवाय असा व्यवसाय करता येत नाही. परवान्याची मुदत पाच वर्षांची असते आणि तो व्यवसायाच्या जागी ठळकपणे लावणे बंधनकारक आहे. विनापरवाना व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा २५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. रक्षकांची पूर्वचारित्र्य पडताळणी आणि प्रशिक्षणही आवश्यक असून केंद्राच्या आदर्श नियमांत १०० तासांचे वर्गशिक्षण आणि ६० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितले आहे.

या कायद्याचा रोख माणसांच्या पहाऱ्यावर आहे, उपकरणांच्या विक्रीवर नाही. त्यामुळे केवळ संच बसविणाऱ्या दुकानदाराची गुणवत्ता या परवान्यावरून ठरत नाही. मात्र जी कंपनी प्रतिसादासाठी आपली माणसे पाठविण्याचे सांगते, तिच्याकडे त्या राज्याचा वैध परवाना आहे काय, हे पाहणे आवश्यक ठरते.

सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या बाबतीत केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये सायबर सुरक्षेसंबंधीचे नवे निकष जाहीर केले आणि एप्रिल २०२५ पासून ते लागू झाले. कॅमेऱ्याला या निकषांनुसार प्रमाणपत्र मिळाले आहे काय, हे देयकावर नमूद करून घ्यावे. यंत्र बसविल्यानंतर कारखान्याने दिलेला मूळ संकेतशब्द बदलणे तितकेच गरजेचे आहे. घराचा नकाशा, कुटुंबाच्या जाण्यायेण्याच्या वेळा आणि संकेतांक ही माहिती कंपनीच्या हाती जाते. तंत्रज्ञाचे ओळखपत्र तपासावे आणि त्याचे काम संपताच त्याला दिलेला संकेतांक रद्द करावा.

खर्चाचा हिशेब

स्वस्त संच नेहमीच स्वस्त पडतो असे नाही. समजा, एका कंपनीने संचाची किंमत ३० हजार रुपये आणि मासिक शुल्क ८०० रुपये सांगितले. दुसरीने संच १२ हजारांत देऊ केला, पण मासिक शुल्क १,५०० रुपये ठेवले. पाच वर्षांचा हिशेब केल्यास पहिल्या कंपनीचा खर्च ७८ हजार, तर दुसरीचा १ लाख २ हजार रुपये होतो. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. तुलना करताना बॅटरी, सिमकार्ड, वार्षिक देखभाल आणि कर यांचा खर्चही त्यात धरावा.

करारनाम्यातील तीन कलमे बारकाईने वाचावीत. पहिले, करार मुदतीपूर्वी संपविल्यास काय भरावे लागते. दुसरे, कंपनी बंद पडल्यास किंवा ग्राहकाने ती बदलल्यास तोच संच दुसऱ्या कंपनीला चालविता येतो काय. तिसरे, चोरी झाल्यास कंपनीची जबाबदारी किती. अनेक करारांत ही जबाबदारी काही महिन्यांच्या शुल्काइतकीच मर्यादित ठेवलेली असते. अलार्म कंपनी चोरीची भरपाई देईल, असे गृहीत धरणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

घरगुती ग्राहकाला सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या सेवेला मात्र हा कायदा सरसकट लागू होत नाही. स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्यांना त्यात सवलत आहे. दुकानदारांनी म्हणूनच करारातील वादनिवारणाचे कलम अधिक काळजीपूर्वक पाहावे.

विम्याची जोड

भरपाईसाठी विमा हाच मार्ग आहे, परंतु त्याच्याही अटी असतात. घरफोडीच्या विम्यात बळजबरीने आत शिरल्याची अट असल्यास, तसा बळाचा वापर झाल्याशिवाय दावा मंजूर होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला होता. सराफांसाठीच्या विशेष विम्यात दुकान बंद झाल्यावर तिजोरीबाहेर ठेवलेल्या मालाची भरपाई सामान्यतः मिळत नाही. अलार्म बसविण्यापूर्वी विमा कंपनीला विचारून तिची अपेक्षा समजून घ्यावी आणि बसविल्यानंतर त्याची लेखी नोंद तिच्याकडे करावी. परक्याचा माल सांभाळणाऱ्या गलाई व्यावसायिकाने तो माल आपल्या विम्यात समाविष्ट आहे काय, हे आवर्जून तपासावे.

घरातील दागिन्यांसाठी बँकेचे लॉकर हा पर्याय आहे. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या निर्देशांनुसार चोरी, दरोडा, आग किंवा कर्मचाऱ्यांची अफरातफर यांमुळे नुकसान झाल्यास बँकेचे दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपट इतके राहते. ही रक्कमही दागिन्यांच्या किमतीपेक्षा बरीच कमी असू शकते, हे ध्यानात ठेवावे.

प्रत्येकाला कंपनी लागतेच असे नाही

मासिक शुल्क घेणारी देखरेख सेवा प्रत्येक घराला आवश्यक नसते. सदैव माणसांचा वावर असलेल्या चाळीत किंवा रखवालदार असलेल्या सोसायटीत भक्कम कुलूप, जाळीचा दुहेरी दरवाजा, दोन-तीन संवेदकांचा साधा संच आणि विश्वासू शेजारी एवढेही पुरेसे ठरू शकते. याउलट सोन्याचा व्यवहार, औषधांचा साठा किंवा दीर्घकाळ बंद राहणारे घर असेल, तर चोवीस तासांच्या देखरेखीचा खर्च समर्थनीय ठरतो.

लष्कर मोहल्ल्यासारख्या दाट पेठेत आणखी एक मार्ग खुला असतो. एका रांगेतील आठ-दहा दुकानदारांनी एकत्र येऊन एकाच कंपनीशी बोलणी केल्यास दर कमी होतो आणि सामाईक रात्रपाळीचा रक्षक ठेवणे परवडते. एका गाळ्याचा भोंगा वाजल्यास कोणी कोठे पोहोचायचे, हेही आपसांत ठरविता येते. ज्या भिंतीतून चोर येऊ शकतो, त्याच भिंतीपलीकडून मदतही येऊ शकते.

पैसे चुकते करण्यापूर्वी

यंत्रणा बसवून झाल्यावर अखेरचा हप्ता देण्याआधी ग्राहकाने स्वतः तिची परीक्षा घ्यावी. मुख्य वीजपुरवठा बंद करावा. इंटरनेटची तार काढावी. पोलिसांना आणि शेजाऱ्यांना आधी कल्पना देऊन, कंपनीला मात्र नेमकी वेळ न सांगता, रात्री उशिरा एक संवेदक मुद्दाम चालू करावा आणि घड्याळ लावून बसावे. पहिला फोन कितव्या मिनिटाला आला, पलीकडच्या माणसाने काय विचारले, यादीतील दुसऱ्या व्यक्तीला फोन गेला काय आणि पाठवायचा माणूस खरोखर आला काय, याची नोंद कागदावर करावी. हीच परीक्षा दर सहा महिन्यांनी आणि विशेषतः गावी निघण्याच्या आदल्या आठवड्यात पुन्हा घ्यावी.

या परीक्षेला जी कंपनी आनंदाने तयार होते, तिचा विचार अवश्य करावा. जी टाळाटाळ करते, तिचा संच कितीही चकचकीत असला, तरी दुसरे दार ठोठावलेले बरे.